वास्तू जपणारा मंगलसोहळा

जुनी हवेली विकत घेणे एक वेळ सोपे. ती पिढ्यान्‌पिढ्या पोसणे कठीण. स्कॉटलंडमधील कम्नॉक गावाजवळचे डम्फ्रीज हाऊस याची साक्ष देते.

पाचव्या अर्ल ऑफ डम्फ्रीज यांनी १७५४ ते १७५९ या काळात अॅडम बंधूंकडून ही वास्तू बांधवून घेतली. आतील बरेचसे लाकडी सामान थॉमस चिपेंडेल या विख्यात कारागिराने खास या घरासाठी घडवले. २००७ मध्ये वारसांनी सारी मालमत्ता विक्रीस काढली. लिलावासाठी सामान ट्रकांत भरून लंडनच्या वाटेला लागलेही होते. ऐन वेळी तत्कालीन युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने काही धर्मादाय संस्था व सरकार एकत्र आले. घर, सामान आणि सुमारे दोन हजार एकर जमीन साडेचार कोटी पौंडांना घेतली गेली व ट्रक माघारी वळले.

यातील दोन कोटी पौंड कर्जाऊ होते. लगतच्या जमिनीवर वसाहत उभारून ते फेडावे, असा आडाखा होता. परंतु २००८ च्या मंदीत जमिनीचे भाव कोसळले आणि मोजकीच घरे उभी राहिली. अखेर दानशूरांच्या मदतीने कर्ज फिटले.

मुद्दल दानातून उभे राहील. नित्याचा खर्च मात्र व्यवहारातूनच भागवावा लागतो. म्हणून वास्तूची दारे विवाहांसाठी व मेजवान्यांसाठी उघडली गेली. आवारात अतिथिगृह झाले, ओसाड पडलेली तटबंद बाग पुन्हा फुलवून २०१४ मध्ये खुली झाली. कोळसा खाणी बंद पडल्याने या भागात बेकारी होती. तेथील तरुणांना याच आवारात पाककला व आतिथ्याचे शिक्षण मिळू लागले. पाहुण्यांच्या पंगतीतून यजमान गावाच्याही घरी चूल पेटली.

आपल्याकडेही जुने वाडे व राजवाडे विवाहासाठी घेण्याची प्रथा वाढत आहे. स्थळ ठरवताना भाडे आणि थाट आपण पाहतोच. त्यासोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. आपल्या पैशातील किती वाटा त्या वास्तूच्या डागडुजीला जातो? आणि वाढपी, माळी, गवंडी त्याच गावचे असतात का? उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या मांडवाचे पुण्य दोन कुटुंबांपुरते उरत नाही.