आधी 'सा' सांगा, मग तार मागा

'कॅटगट' या शब्दात मांजर उगाच बदनाम झालं. व्हायोलिनच्या जुन्या तारा आतड्याच्या असत हे खरं, पण आतडं मेंढीचं. सतराव्या शतकात त्यावर धातूची बारीक तार गुंडाळायला सुरुवात झाली आणि जाडी, गुरगुरणारी तार नीट बोलू लागली. पहिल्या महायुद्धात तीच आतडी जखमांच्या टाक्यांसाठी लागू लागली, तेव्हा सर्वांत बारीक तारेच्या जागी पोलाद बसलं ते आजतागायत. 1970 मध्ये व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इन्फेल्डने 'डॉमिनंट' काढली. तिचा गाभा नायलॉनच्या जातीचा, आवाज आतड्याच्या वळणाचा.

आतड्याची तार अमरावती-अकोल्यात मात्र आणूच नका. ती हवेतला ओलावा पिते, सोडते, आणि प्रत्येक वेळी सूर बदलते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि घरात वाळ्याचा कूलर घरघरतोय. खोलीच्या एका कोपऱ्यात वाळवंट, दुसऱ्यात कोकण. बिचाऱ्या तारेने कोणाचं ऐकायचं?

उन्हाळा खुंट्यांनाही सोडत नाही. लाकूड आटतं, खुंटी सैल पडते, रात्री जुळवलेलं वाद्य सकाळी पेटी उघडावी तर चारही तारा ढिल्या, घोडी आडवी झोपलेली. पावसाळ्यात तीच खुंटी फुगून हलत नाही. घसरत असेल तर थोडा खडू लावा. हा उपाय फुकट आहे, म्हणून दुकानात कोणी सांगत नाही.

आता तार कोणाला कोणती? संगीत परीक्षांतल्या प्रारंभिक, प्रवेशिकेच्या विद्यार्थ्याला सरळ पोलादी गाभ्याची. डॅडारिओची 'प्रिल्यूड' याच जातीतली. स्वस्त, टिकाऊ, चढवली की लवकर सुरात स्थिरावते, हवेला दाद देत नाही. आवाज जरा पातळ, टोकदार. पण त्या वयात गजच वाकडा चालत असतो, गोडवा तारेकडून कशाला मागायचा? एक अट आहे. पोलाद फार ताणलं जात नाही, खुंटी केसभर फिरवली की सूर उडी मारतो. म्हणून खाली चारही तारांना फाईन ट्यूनर हवेत.

मध्यमेच्या आसपास गज स्थिर होतो, मींड पोटातून यायला लागते, तेव्हा सिंथेटिक गाभा घ्या. पहिले काही दिवस ती सारखी उतरते; तार खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडू नका, ताणून बसायला वेळ लागतो. विशारदच्या पुढे गेलेल्यांना सल्ला देण्याची माझी पात्रता नाही. एवढंच सांगतो, जोरकस ताणाच्या महाग तारा हलक्या व्हायोलिनवर चढवल्या की वाद्य गुदमरतं. साध्या संचातही चारही तारांची ओढ मिळून वीस-बावीस किलोच्या घरात जाते. म्हणजे खांद्यावर धरलेल्या त्या हलक्या लाकडी डब्याला गव्हाचा एक लहान कट्टा सतत ओढतोय.

पण खरी मेख पाकिटावर छापलेलीच नसते. कारखान्याने तारा घडवल्या पाश्चात्त्य जुळणीसाठी. हार्मोनियमच्या भाषेत, जाडीकडून बारीककडे पांढरी पाच, दोन, सहा, तीन. आपण बरेचदा प-सा-प-सा लावतो. 'सा' पांढरी दोन धरला तर मधल्या दोन तारा जागेवरच राहतात. जाडी तार मात्र एक स्वर वर ओढावी लागते आणि तिचा ताण पाव हिश्शाहून थोडा जास्त वाढतो. बारीक तार एक स्वर खाली येते, तिचा ताण पाचव्या हिश्शाने घटतो. 'सा' काळी एक केला की बारीक तार आणखी ढिली होते, जवळपास तीस टक्के, आणि गजाखाली लोळते. त्यामुळे एकच संच शेजारच्या पाश्चात्त्य वाजवणाऱ्याकडे खणखणीत आणि तुमच्याकडे मिळमिळीत वाटला तर दोष तारेचा नाही. दुकानात "चांगली तार द्या" म्हणण्याआधी गुरुजींचा 'सा' कुठला ते विचारून जा. बारीक तार लोळत असेल तर तेवढी एकच, जास्त ताणाची, वेगळी घ्या.

व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग बिस्मिल्लाखाँच्या शहनाईशी जुगलबंदी करत, प्रभाकर जोगांचं व्हायोलिन तर 'गाणारं' म्हणूनच ओळखलं गेलं. हे गाणं ज्या चार तारांवर चाललं, त्यांना घाम मात्र आवडत नाही. बारीककडून दुसऱ्या तारेवर बहुधा ॲल्युमिनियमचं वेष्टन असतं, ते घामाने झिजतं. रियाज संपला की सुती फडक्याने पुसा. राळेची पांढरी भुकटीही त्यातच निघते. पोराचं व्हायोलिन पाव किंवा अर्ध्या मापाचं असेल तर तारही त्याच मापाची मागा. पूर्ण मापाची चढते, पण सैल राहते.

आणि तारा बदलताना एकेक बदला. मी पहिल्यांदा हौसेने चारही एकदम उतरवल्या. आत घोडीच्या पायाशी एक काडी नुसत्या दाबावर उभी असते. फ्रेंच लोक तिला 'आत्मा' म्हणतात. माझा आत्मा पडला आणि व्हायोलिन खुळखुळ्यासारखं वाजू लागलं. दुरुस्तीवाल्याने ते कानाशी हलवलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साऱ्याच तारा एकदम काढल्या काय जी?"