पदवीसाठी विषयाची निवड

बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यासमोर पदवीसाठी कोणता विषय घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो. ज्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत तेथे या प्रश्नाचा ऊहापोह घरातच होतो. आपल्या समाजातील अनेक घरांत मात्र महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच व्यक्ती असते. आई-वडिलांची इच्छा मोठी असते, परंतु विषयाविषयी माहिती देणारे कोणी नसते. मग मित्राने घेतला म्हणून, गुण सहज मिळतात असे ऐकले म्हणून, किंवा प्रवेशाच्या खिडकीवर शेवटी तोच विषय शिल्लक होता म्हणून अर्ज भरला जातो. याला निवड म्हणता येणार नाही. तीन-चार वर्षांचा काळ, कुटुंबाची ऐपत आणि शिष्यवृत्तीची संधी ज्यावर खर्च होणार, तो विषय विचारपूर्वक घेतला पाहिजे. तो विचार कोणत्या क्रमाने करावा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पालि वाङ्मयात चार इद्धिपाद सांगितले आहेत : छन्द, विरिय, चित्त आणि वीमंसा. ध्यानसाधनेच्या संदर्भात त्यांचा उपदेश आहे, महाविद्यालयीन प्रवेशाच्या नव्हे, हे उघडच आहे. तरीही कोणतेही दीर्घ कार्य सिद्धीस नेण्यास काय लागते, याचे ते नेमके विश्लेषण आहे. म्हणून त्यांचा क्रम येथे घेतला आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः पालि हाच विषय घेऊ. कारण आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत या विषयाभोवती श्रद्धा आणि गैरसमज दोन्ही आहेत.

छन्द : विषयाची ओढ

छन्द म्हणजे एखादी गोष्ट करण्याची इच्छा. ती तृष्णेहून वेगळी आहे. पदवीची इच्छा आणि विषयाची इच्छा यांतही असाच भेद आहे. प्रत्येक विषय विशिष्ट प्रकारचे प्रश्न विचारावयास शिकवितो. अर्थशास्त्र विचारते, संपत्ती कशी निर्माण होते आणि कोणाकडे जाते. इतिहास विचारतो, हे घडले असे आपण कोणत्या पुराव्यावरून म्हणतो. भाषेचा अभ्यास विचारतो, या शब्दाचा अर्थ येथे हाच का. यांपैकी कोणता प्रश्न आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, याचा शोध विद्यार्थ्याने प्रथम घ्यावा.

पालि घेण्यास आलेले अनेक विद्यार्थी "ही तथागतांच्या धम्माची भाषा आहे, म्हणून घेतो" असे सांगतात. ही भावना आदरणीय आहे. मात्र आदर हा एक भाग आणि अभ्यासाची ओढ हा दुसरा. ज्याला विभक्ती, संधी आणि क्रियापदांची रूपे यांत रस वाटत नाही, तो श्रद्धेच्या बळावर सहा सत्रे काढू शकत नाही. अशा विद्यार्थ्याने समाजशास्त्र किंवा वाणिज्य घेतले, तर त्यात धम्माचा अनादर नाही, हे पालकांनीही समजून घ्यावे.

विरिय : श्रमाची तयारी

दुसरी गोष्ट म्हणजे विषय कोणते श्रम मागतो, याची माहिती. वंदना आणि सुत्ते पाठ असल्यामुळे पालि सोपी जाईल, असा समज आढळतो. पाठांतराचा लाभ निश्चित होतो. कानाला भाषेची सवय झालेली असते. परंतु 'गच्छामि' हे रूप वर्तमानकाळाचे, उत्तम पुरुषाचे, एकवचनाचे आहे आणि त्याच्यासोबत येणारे कर्म द्वितीया विभक्तीत असते, हे सांगता येऊ लागले म्हणजे अभ्यासाचा प्रारंभ झाला. पुढे जातकातील सरळ गद्य, मग धम्मपदाच्या गाथा, नंतर निकायांतील दीर्घ सुत्ते अशा पायऱ्या चढावयाच्या असतात. पालिला स्वतःची अशी एक लिपी नाही; सिंहली, ब्रह्मी, थाई, रोमन आणि देवनागरी अशा अनेक लिप्यांत तिचे ग्रंथ आहेत. आपल्याला देवनागरी पुरते, परंतु बरेचसे आधुनिक संशोधन इंग्रजीत असल्यामुळे त्या भाषेचेही श्रम टळत नाहीत.

अन्य विषयांनाही हाच निकष लावावा. मानसशास्त्र घेणाऱ्याला संख्याशास्त्र टाळता येत नाही. अर्थशास्त्रात पुढे जाणाऱ्याला गणित लागते. भूगोलात नकाशे आणि क्षेत्रभेट असते. विषयाच्या नावावरून निर्णय न घेता तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम मिळवून वाचावा आणि ग्रंथालयात जाऊन त्यातील एका पुस्तकाची वीस-पंचवीस पाने वाचून पाहावीत. ती वाचताना आलेला कंटाळा किंवा उत्साह बराच खरा असतो.

चित्त : केंद्र आणि पूरक

चित्त म्हणजे येथे मनाची एकाग्रता. एकच विषय केंद्रस्थानी ठेवावा आणि इतर विषय त्याच्या साह्याला घ्यावेत, असा याचा अभ्यासातील अर्थ करता येईल. बाबासाहेबांचा विद्यार्थिदशेतील अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शाळेत त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. निवडीचा हक्क हिरावला जाणे म्हणजे काय, हे त्यांनी लहान वयात अनुभवले. पुढे १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात निवडीस वाव मिळाला, तेव्हा त्यांनी अर्थशास्त्राचे २९ पाठ्यक्रम घेतले. त्यासोबत इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ पाठ्यक्रम होते. प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन यांचाही प्रत्येकी एक होता. हे शिक्षण पदव्युत्तर होते, तरी त्याची रचना पदवीच्या विद्यार्थ्यालाही मार्गदर्शक आहे. केंद्र निर्विवादपणे अर्थशास्त्राचे होते. परंतु भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. पूरक विषयाची दृष्टी काय देऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आज ही रचना पदवीच्या पातळीवर उपलब्ध झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे दुय्यम विषय अशी विभागणी आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत २०२४-२५ पासून आली. म्हणून आता "पालि की इतिहास" असा प्रश्न नेहमीच विचारावा लागत नाही. प्राचीन भारतीय इतिहास मुख्य आणि पालि दुय्यम अशी जोडी कार्ले, नाशिक किंवा कान्हेरी येथील लेण्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास फार उपयोगी आहे. तेथील प्राचीन शिलालेख ब्राह्मी लिपीत आणि प्रामुख्याने प्राकृतात आहेत, आणि पालि जाणणाऱ्याला प्राकृत परकी वाटत नाही. तत्त्वज्ञान आणि पालि, मराठी आणि पालि याही जोड्या फलदायी आहेत. मात्र दोन्ही विषय एकाच महाविद्यालयात शिकविले जातात काय, हे आधी विचारावे.

वीमंसा : तपासणी

वीमंसा म्हणजे चिकित्सा. ओढ आहे, श्रमाची तयारी आहे, तरी पुढील वाट तपासल्याशिवाय पाऊल टाकू नये. येथे ऐकीव माहितीने मोठी हानी होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेसाठी पालि साहित्य हा गुण देणारा वैकल्पिक विषय म्हणून प्रसिद्ध होता. २०१३ च्या परीक्षेपासून तो यादीतून वगळण्यात आला. तरी त्या परीक्षेसाठी पालि घ्यावी, असा सल्ला कोणी दिला, तर तो जुन्या माहितीवर आधारलेला आहे असे समजावे. या परीक्षेस कोणत्याही विषयाची पदवी चालते, हेही लक्षात ठेवावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांच्यासोबत पालिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ही आनंदाची घटना आहे. परंतु दर्जा मिळाला म्हणजे अध्यापकांच्या जागा भरल्या गेल्या, असे होत नाही. पालिच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या ठिकाणी आहे. अध्यापनासाठी आवश्यक असणाऱ्या नेट परीक्षेत पालि हा स्वतंत्र विषय आहे. बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अभ्यास हा विषय त्याहून निराळा आहे. एक भाषेचा अभ्यास, दुसरा विचार आणि इतिहासाचा. पुढे कोणत्या मार्गाने जावयाचे, हे ठरवताना या दोहोंची गल्लत करू नये. अध्यापनाच्या जागा मर्यादित आहेत, हे पालिच्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच सांगितले पाहिजे. ते जाणूनही जो येतो, तो टिकतो.

ज्यांना शालेय शिक्षक व्हावयाचे आहे त्यांनी आपला विषय शाळेत शिकविला जातो काय, हे पाहावे, बी. एड.साठी अध्यापनाचा विषय ठरवताना पदवीचा विषय पाहिला जातो. वकिलीकडे जाऊ इच्छिणाऱ्यास मात्र कोणत्याही विषयाच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे.

शिष्यवृत्तीचा नियम तर प्रत्येक घराने जाणून घेतला पाहिजे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एका पातळीचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्याच पातळीचे शिक्षण दुसऱ्या विषयात घेतल्यास लाभ मिळत नाही. बी. ए. झाल्यावर बी. कॉम. करावयाचे ठरविले, तर तो खर्च घरावर पडतो. सुखवस्तू घरातील मुलाला चुकलेली निवड एका वर्षाच्या वेळेला पडते; आपल्या मुलीला ती कधी कधी शिक्षण सोडण्याइतकी महाग पडते. नव्या आराखड्यात पहिल्या वर्षाच्या अखेरीस जवळच्या विषयगटात मुख्य विषय बदलण्याची मुभा आहे. ती आपल्या महाविद्यालयात कशी मिळते, हे प्रवेशाच्या वेळीच कार्यालयात विचारावे.

कुटुंबाची आणि विहाराची जबाबदारी

या चारही गोष्टींचा विचार एकट्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर सोपविणे योग्य नाही. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय उभारले. दार उघडण्याचे कार्य त्यांनी केले. आत गेल्यावर कोणत्या दालनात जावे, हे सांगण्याचे कार्य आता पदवी घेतलेल्या पिढीचे आहे. प्रत्येक विहार समितीला मे-जून महिन्यांत एखादा रविवार यासाठी देता येईल. वस्तीतील निरनिराळ्या विषयांचे पदवीधर त्या दिवशी बोलवावेत. त्यांनी भाषणे करू नयेत. आपल्या विषयात काय शिकविले जाते, श्रम कोणते पडले आणि पुढे काय झाले, एवढेच सांगावे. ज्यांना नोकरी मिळण्यास विलंब झाला त्यांनीही यावे. त्यांचा अनुभव अधिक उपयोगी ठरेल.

ज्या विद्यार्थ्याला अन्य विषयाची ओढ आहे त्याने तो निःशंकपणे घ्यावा. पालि शिकण्यासाठी विहारातील वर्ग त्याला आयुष्यभर खुला आहे. आणि ज्याला शब्दाच्या मुळाशी जाण्याचा छन्द आहे, त्याने घरच्यांच्या शंकांना माहितीने उत्तर देऊन पालिच्या वर्गात यावे. त्याच्यासाठी काम पुष्कळ आहे. अट्ठकथांचा मोठा भाग अद्याप मराठीत यावयाचा आहे.