तिजोरी एक, किल्ली एक

दोस्तांनो, अलीबाबाच्या गोष्टीतला कासीम आठवतो ना? तिळाचं नाव घेतलं की उघडणाऱ्या गुहेत तो शिरला, सोन्यानाण्यांची पोती भरली, आणि बाहेर पडताना नेमका तोच शब्द विसरला! चोरांचंही चुकलंच. शब्द मोठ्यानं उच्चारला, म्हणून तर झाडावरच्या अलीबाबानं तो ऐकला.

आपले पासवर्डही असेच दगा देतात. एक तर आपण विसरतो, नाहीतर दुसऱ्याला कळतात. विसरू नये म्हणून घरोघरी एक युक्ती चालते. ई-मेल, ऑनलाइन खेळ, वीजबिल, सगळीकडे एकच पासवर्ड! पण तो एका ठिकाणी फुटला, की सगळी दारं सताड उघडी. २००९ मध्ये 'रॉकयू' या अमेरिकन कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीनं ते कुलूप न लावताच ठेवले होते. त्यांत सर्वांचा लाडका पासवर्ड कोणता होता, ओळखा पाहू? १२३४५६!

यावर उपाय आहे पासवर्ड मॅनेजर. ही जणू तिजोरीच. प्रत्येक ठिकाणासाठी ती वेगळा, लांबलचक पासवर्ड तयार करते, जपते नि वेळेवर भरूनही देते. आपण फक्त तिची किल्ली, म्हणजे 'मास्टर पासवर्ड', लक्षात ठेवायची.

पण तिजोरी निवडायची कशी? आई-बाबांना सोबत घ्या आणि तीन गोष्टी तपासा.

१. किल्ली कोणाकडे? माहिती आपल्याच फोनवर कुलूपबंद होऊन मग बाहेर जायला हवी. तर कंपनीलाही आत डोकावता येत नाही.

२. घरातल्या सगळ्या यंत्रांवर चालतो का? गुगल आणि ॲपलचे मॅनेजर त्यांच्या फोनवर आयते मिळतात. घरात दोन्ही तऱ्हांचे फोन असतील, तर 'बिटवॉर्डन' सोयीचा. तो मोफतही मिळतो. 'कीपास' तिजोरीची फाइल आपल्याच संगणकावर ठेवतो. तिची जादा प्रत जपणं मात्र आपलं काम!

३. दुसरा अडसर आहे का? म्हणजे नव्या यंत्रावरून तिजोरी उघडताना पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागितली जाते का?

'पण तिजोरीच पळवली तर?' असं कुणीतरी विचारणारच. तसंही घडलंय. २०२२ मध्ये 'लास्टपास' या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते. पण प्रत हाती असली, की चोर निवांतपणे हव्या तितक्या किल्ल्या लावून पाहू शकतो. कच्ची किल्ली तिथं टिकत नाही.

म्हणून किल्ली पक्की हवी. स्वतःचं नाव, जन्मतारीख नकोच! त्यापेक्षा सापशिडीचा फासा काढा. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी 'डाइसवेअर' ही गमतीदार रीत सुचवली. तिच्या यादीत ७,७७६ शब्द असतात. फासा ५ वेळा टाकायचा, आलेल्या ५ अंकांपुढचा शब्द घ्यायचा. असे ६ शब्द जमले, की झाली किल्ली! शब्द फाशानं निवडलेले, त्यामुळे तुम्हाला ओळखणाऱ्यालाही त्यांचा अंदाज येणार नाही.

ती कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवा. कारण ती हरवली, तर कंपनीलाही बहुधा तिजोरी उघडून देता येत नाही. मग आपलाही कासीमच व्हायचा, बरं का!