बाळाच्या दूध पावडरीत सेलेनियम किती? टेस्टचे पैसे भरण्याआधी हे विचारा



बारामती-इंदापूर म्हणजे दुधाचा पट्टा. बारामती एमआयडीसीत श्रायबर डायनॅमिक्स, इंदापूर तालुक्यात सोनाई. मग "आपणही बाळाच्या फॉर्म्युलासाठी दूध पावडर पुरवू" असं मनात येणारच. पण घेणारा आधी लॅबचा रिपोर्ट मागतो. त्यात जस्त, तांबं, आयोडीन, सेलेनियम अशी सूक्ष्म खनिजंही येतात.

एवढी काटेकोर तपासणी का? ज्या तान्ह्या बाळाला आईचं दूध मिळत नाही, त्याचं सगळं जेवण म्हणजे हीच पावडर. एखादं खनिज कमी पडलं तर भरून काढायला भाजी-भाकरी नाही. जास्त झालं तर तेही रोज, प्रत्येक वेळी पोटात जाणार.

आता हिशोब बघा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फॉर्म्युलात १०० किलोकॅलरीमागे जस्त किमान ०.५ मिलिग्रॅम आणि सेलेनियम किमान १ मायक्रोग्रॅम हवं. (आपल्याकडे एफएसएसएआयचे २०२० चे नियमही पाहायचेच.) समजा, १०० ग्रॅम तयार फॉर्म्युला पावडरीत ५०० किलोकॅलरी आहेत. म्हणजे किलोला जस्त २५ मिलिग्रॅम, पण सेलेनियम फक्त ०.०५ मिलिग्रॅम!

इथेच गडबड होते. लॅबची मोजण्याची खालची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम असेल, तर सेलेनियम पुरेसं असूनही रिपोर्टवर "आढळलं नाही" असंच येईल. वरून किती मिसळायचं हे कंपनी तुमच्या पावडरीतला आकडा धरून ठरवते. आकडाच नसेल तर तुमचा रिपोर्ट तिच्या काय कामाचा? तुमचे पैसे मात्र गेले.

टेस्ट अशी होते: पावडर नायट्रिक ॲसिडमध्ये तापवून पूर्ण विरघळवतात, मग आयसीपी-एमएस यंत्रावर मोजतात. आयोडीनसाठी तयारी वेगळी, कारण ॲसिडमध्ये ते उडून जाऊ शकतं.

लॅबला तीन प्रश्न विचारा:

१. एनएबीएल मान्यता याच खनिजासाठी आणि दूध पावडरीसाठी आहे का?
२. मोजण्याची खालची मर्यादा, म्हणजे एलओक्यू, किती?
३. माझ्या नमुन्यासोबत ब्लँक आणि प्रमाणित नमुना चालवता का?

आणि नमुना एकाच पोत्यातून घेऊ नका. चमचा आणि डबा धातूचा नको, स्वच्छ प्लास्टिकचा वापरा.

उद्या स्वतःचा ब्रँड काढायचा विचार असेल, तर एक लक्षात ठेवा: १९९२ च्या कायद्याने बाळाच्या फॉर्म्युलाची जाहिरात करायला बंदी आहे. म्हणजे तुमची ओळख तुमच्या रिपोर्टवरच होणार!