आधी शाळा, मग घर: मुलांना घेऊन पुण्यात येताना

पुण्याला बदली झाली की बहुतेक कुटुंबं पहिल्याच रविवारी फ्लॅट बघायला निघतात. गॅलरीतून टेकडी दिसते, खाली मुलांसाठी झोपाळे असतात, टोकन दिलं जातं. मग जून जवळ आला की कळतं, हवी ती शाळा नदीपलीकडे आहे आणि सकाळी पुलावर गाड्यांची रांग असते. हे टाळायचं तर क्रम उलटा करावा. आधी शाळा ठरवावी, मग तिच्या आसपासचा परिसर बघावा आणि घर सगळ्यात शेवटी शोधावं.

सुरुवात माध्यम आणि बोर्डापासून करावी. आपली नोकरी राज्याबाहेर फिरतीची असेल तर सीबीएसई म्हणजे केंद्रीय मंडळ सोयीचं पडतं, कारण दुसऱ्या राज्यातही अभ्यासक्रम तोच राहतो. महाराष्ट्रातच स्थिरावणार असाल तर राज्य मंडळाची जवळची, चांगली शाळा उगाच मोडीत काढू नये. परराज्यातून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०२० च्या कायद्यानुसार राज्यात पहिली ते दहावी मराठी शिकवणं सर्व मंडळांच्या शाळांना बंधनकारक आहे. मूल आठवी संपवत असेल तर बदल नववीच्या आधी करावा. सीबीएसईत विद्यार्थ्याची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेशासाठी मंडळाची परवानगी लागते.

वयही आधी तपासावं. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. इतर राज्यांत ही तारीख वेगळी असते, त्यामुळे तिकडून आलेलं मूल इथे वयात बसतं का, हे प्रवेश अर्जाआधीच विचारून घ्यावं.

आता पाच-सहा शाळांची यादी होईल. प्रत्येकीची मान्यता तपासावी. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. 'सीबीएसई पॅटर्न' अशी पाटी लावलेली शाळा सीबीएसईशी संलग्न असेलच असं नाही. 'संलग्नता प्रस्तावित' याचा अर्थ ती अजून मिळालेली नाही, एवढाच होतो. शाळेकडे दोन क्रमांक मागावेत. पहिला यूडायस क्रमांक, म्हणजे देशातल्या प्रत्येक शाळेला मिळणारा अकरा अंकी ओळख क्रमांक. महाराष्ट्रातल्या शाळांचा तो २७ ने सुरू होतो. दुसरा मंडळाचा संलग्नता क्रमांक. तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकला की संलग्नता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे आणि कधी संपते, हे दिसतं. नव्या शाळेत मंजुरी काही वेळा खालच्या वर्गांपुरतीच असते, आणि मूल वर सरकेपर्यंत कुणी विचारत नाही. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीही नजरेखालून घालावी.

फीचा तक्ता लेखी मागावा. वार्षिक फी, सत्र फी, बस, गणवेश, पुस्तकं, सहली असं सगळं एकत्र धरून वर्षाचा आकडा काढावा. शिक्षण हक्क कायद्याने कॅपिटेशन फी, म्हणजे अधिकृत फीवर मागितली जाणारी देणगी, आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची मुलाखत, दोन्हींना मनाई आहे. राज्याच्या फी-नियमन कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असावी लागते आणि फी ठरवताना तिला विचारात घ्यावं लागतं. ही समिती कोणाची आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे सरळ विचारावं. मोकळेपणी उत्तर देणारी शाळा माझ्या लेखी चकचकीत इमारतीच्या शाळेपेक्षा केव्हाही बरी.

शाळा बघायला प्रवेश मेळाव्याच्या दिवशी जाऊ नये, साध्या कामाच्या दिवशी जावं. स्वच्छतागृह बघावं. पिण्याच्या पाण्याचे नळ लहान मुलांच्या उंचीला आहेत का, बघावं. एका तुकडीत किती मुलं आहेत आणि वर्गशिक्षिका किती वर्षं तिथे आहेत, हे विचारावं. शिक्षक दरवर्षी बदलत असतील तर दहावीच्या निकालाच्या फलकावर फार विसंबू नये.

दोन-तीन शाळा उरल्या की नकाशा काढावा. शाळा आणि ऑफिस अशा दोन खुणा करून मधला पट्टा रंगवावा. किलोमीटर मोजण्यापेक्षा मिनिटं मोजावीत. एखाद्या कामाच्या दिवशी शाळेच्या वेळेला स्वतः तो रस्ता जाऊन बघावा. हिंजवडीत काम आणि शाळा हडपसरला असं जुळवून आणलं तर आई किंवा बाबा, कुणीतरी रोज रस्त्यावरच राहतं. मूल बसमध्ये पाऊण तासापेक्षा जास्त बसणार असेल तर ती शाळा यादीतून काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेची वेळ विचारायची राहून जाते. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितलं आहे, पण प्रत्यक्षात सगळीकडे तसं होत नाही. धाकटी दुसरीत, थोरला सातवीत असेल तर एकाच शाळेत दोन वेळा, दोन फेऱ्या होऊ शकतात. बस असेल तर तिच्यात महिला मदतनीस आहे का, शाळेची परिवहन समिती आहे का, हे विचारावं. व्हॅनवाल्या काकांचा अनुभव आधीच्या पालकांना विचारावा आणि व्हॅनमध्ये मुलं किती बसतात ते फाटकापाशी उभं राहून मोजावं.

परिसर निवडताना पुण्यात पहिला प्रश्न पाण्याचा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिका हद्दीत आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, उंड्री, धायरी, नांदेड ही त्यांतलीच. तिथे मोठमोठ्या इमारती आणि शाळा झाल्या, पण पाण्याच्या वाहिन्या त्या वेगाने पोहोचल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, खडकवासला भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडेच वळला होता. म्हणून सोसायटीच्या वॉचमनला विचारावं, "एप्रिलमध्ये रोज किती टँकर येतात?" एजंटपेक्षा त्याचं उत्तर खरं असतं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, हेही तिथेच विचारून घ्यावं.

मग चालत फिरावं. कोथरूड, सहकारनगर, निगडी प्राधिकरण अशा जुन्या भागांत घरं जुनी असतात, लिफ्ट असेलच असं नाही, पण बाग, वाचनालय, बालरोगतज्ज्ञ आणि क्लास पायी अंतरावर सापडतात. मुलाला एकट्याने रस्ता ओलांडून मित्राकडे जाता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. संध्याकाळी सहानंतर पुन्हा एक फेरी मारावी. मुलं खाली खेळताना दिसली, आजी-आजोबा बाकांवर बसलेले दिसले, तर तो भाग राहण्याजोगा आहे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी कुठवर येतं, हे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावं.

पहिलं वर्ष भाड्याने राहावं, घर विकत घेण्याची घाई करू नये. शाळा मुलाला मानवली की मग विचार करावा. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा भाडेकरारसुद्धा नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. नुसत्या नोटरीवर भागवू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर राहत्या घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो नोंदणीकृतच लागतो.

शेवटी कागद. जुनी शाळा सोडण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची गुणपत्रकं आणि यूडायस प्रणालीतला मुलाचा क्रमांक मागून घ्यावा. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, ते तिथल्या काउंटरवरच वाचून बघावं, कारण गाव सोडल्यावर एका वेलांटीच्या दुरुस्तीसाठीही परत जावं लागतं. दाखला मिळायला उशीर झाला तरी सरकारी आणि अनुदानित शाळा तेवढ्या कारणावरून आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाहीत. नाकारलाच तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.