ऑर्डरी भरपूर असतात, तेव्हाच जागे राहा

भोसरी, तळवडे, चिखली किंवा चाकणमधल्या कुठल्याही लहान शेडमध्ये जा आणि मालकाला विचारा, धंदा कसा चाललाय? बहुतेक वेळा उत्तर मिळते, "अल्लाहचा शुक्र आहे, मशीन बंद नाही." शुक्र मानलाच पाहिजे. पण मशीन चालू असणे वेगळे आणि धंदा सुरक्षित असणे वेगळे. मशीन आजच्या ऑर्डरवर चालते, धंदा मात्र पुढच्या पाच वर्षांच्या ऑर्डरवर टिकतो. काम नसले की माणूस आपोआप धावपळ करतो, चार दारे ठोठावतो. हात कामाने भरलेले असतात तेव्हाच तो गाफील होतो.

आकुर्डीने काय पाहिले

आपल्याच पट्ट्यातले उदाहरण घ्या. १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर बाजारात आली. परवान्यांचे दिवस होते आणि गाड्या मोजक्याच बनत. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, काहींना तर दहा-दहा वर्षे थांबावे लागे. गिऱ्हाईक इतके रांगेत उभे असले की ते एक दिवस निघून जाईल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

पण ते निघून गेले. १९८५ मध्ये हिरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी मोटारसायकल आली. २००१ मध्ये गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी ॲक्टिव्हा आली. स्कूटर तिरकी करून किक मारण्याची सवय असलेल्या घरांत आता मुली आणि सुनाही गाडी चालवू लागल्या. बजाजने मोटारसायकलींसाठी चाकणचा कारखाना आधीच उभा केला होता आणि त्याच वर्षी पल्सर आणली, म्हणून कंपनी टिकली. पण २००७ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातले गाड्यांचे उत्पादन थांबले आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचा धंदाच सोडण्याचा निर्णय घेतला. पुढे जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव परत आले, ते विजेवर चालणारी स्कूटर होऊन. २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला.

मोठ्या कंपनीकडे भांडवल असते, इंजिनियर असतात. एक दार बंद झाले तर ती दुसरे उघडू शकते. त्याच स्कूटरचा एखादा बुश किंवा लिव्हर बनवणाऱ्या लहान शेडवाल्याकडे यातले काहीच नसते. त्याच्याकडे असते ती फक्त वेळेवर आलेली जाग.

बातमी आपल्यापर्यंत उशिरा येते

लहान कारखानदाराची खरी अडचण अशी की मूळ कंपनीत काय ठरते, हे त्याला दोन-तीन हातांतून कळते. कंपनी मोठ्या व्हेंडरला काम देते, तो मधल्याला देतो आणि मधला आपल्याला जॉबवर्क देतो. वर मॉडेल बंद करण्याचा निर्णय होतो, त्या दिवशी खालच्या शेडमध्ये ओव्हरटाइम सुरू असतो.

जनरल मोटर्सचे घ्या. २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले. निर्यातीसाठी उत्पादन काही काळ चालू राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद झाले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहाचे नियम लागू झाले, तेव्हा बहुतेक दुचाकींतून जुना कार्बुरेटर गेला. आता विजेची स्कूटर आली आहे. तिच्यात पिस्टन नाही, सिलिंडर नाही, क्लच नाही, सायलेन्सरही नाही. मात्र ब्रेक आहेत, रिम आहेत, ब्रॅकेट आहेत, नट-बोल्ट आहेत, बॅटरीची पेटी आहे. ज्याचा हात लेथवर किंवा प्रेसवर बसलेला आहे, त्याच्यासाठी काम संपलेले नाही. ज्याने एकाच पार्टला आपला धंदा मानले, त्याच्यासाठी ते संपू शकते.

म्हणून काही खुणा ओळखायला शिकले पाहिजे. निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला जातो का? महिन्याचे शेड्यूल हळूहळू कमी होत आहे का? नव्या मॉडेलचे ड्रॉइंग शेजारच्या शेडमध्ये गेले आणि आपल्याकडे जुनेच काम राहिले आहे का? गेल्या वर्षभरात एकही नवे गिऱ्हाईक जोडले नाही का? यातल्या दोन प्रश्नांचे उत्तर "हो" असेल, तर मशीन चालू असतानाच नवे काम शोधायला निघावे.

जकातीची वही पुन्हा उघडा

आपल्यापैकी बरेच व्यापारी आणि कारखानदार दरवर्षी, बहुधा रमजानमध्ये, जकातीचा हिशेब करतात. विक्रीचा माल, रोकड आणि लोकांकडून येणे धरायचे, देणे वजा करायचे, निसाब पूर्ण होत असेल तर अडीच टक्के काढायचे. उत्पादनाची मशीन आणि हत्यारे त्यात धरली जात नाहीत. बारकावे आलिमांना विचारावेत. इथे सांगायचे ते एवढेच की जकात देऊन झाल्यावर आपण ती वही मिटून ठेवतो आणि तिथेच चुकतो.

त्याच आकड्यांत धंद्याची प्रकृती दिसते. गेल्या वर्षी मोजलेला माल याही वर्षी त्याच रॅकवर पडलेला असेल, तर तो माल नव्हे, अडकलेला पैसा आहे. येणे वाढत चालले आणि रोकड घटत चालली, तर आपण विक्री करत नसून उधार वाटत आहोत. दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवून पाहिले, तर सल्लागाराला फी देण्याआधीच निम्मी उत्तरे मिळतील. घरात कॉमर्स शिकलेली मुलगी किंवा सून असेल, तर हे काम तिच्याकडे द्या. शेडच्या आवाजापासून दूर बसलेल्या माणसाला आकडे अधिक स्पष्ट दिसतात.

"आजवर काही झाले नाही"

बेफिकिरीचे सर्वांत लाडके वाक्य हेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने अनधिकृत ठरवलेली हजारो बांधकामे पाडली. त्यात भंगाराची गोदामे होती, लहान कारखानेही होते. अनेक घरांची वर्षांची कमाई काही दिवसांत गेली. त्या कारवाईच्या न्याय-अन्यायाचा प्रश्न मोठा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण ज्याची शेड आज उभी आहे, त्याने स्वतःलाही काही विचारावे. जागा कोणत्या झोनमध्ये आहे? भाडेकरार नोंदवलेला आहे का? आग विझवण्याची सोय आणि विमा आहे का? मशीनची बिले कुठे आहेत?

पैशांच्या वसुलीचेही तसेच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा सांगतो की लेखी करार असला तरी मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आहे की मुदतीत पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. विलंबावर व्याजाचीही तरतूद आहे. ज्यांना व्याज घ्यायचे नाही, त्यांनाही मुदतीची आठवण करून देण्याचा हक्क आहेच. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते आणि ती मोफत होते. तरीही कितीतरी शेडवाले "ओळखीचा माणूस आहे, देईल" म्हणत सहा-सहा महिने थांबतात आणि कामगारांचा पगार मात्र उसनवारीवर करतात. कामगाराचा पगार ही अमानत आहे. आपल्या ढिलाईची किंमत त्याने का मोजावी?

गुरुवारचा एक तास

उंट आधी बांधावा, मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. रिज्क अल्लाह देतो यावरचा विश्वास आणि हातपाय न हलवणे, यांची गल्लत होऊ नये.

आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी फक्त एक तास शेडमध्ये एकटे बसावे. मशीन बंद, फोन बंद. या आठवड्यात रिजेक्शन किती आले, कुणाचे पैसे थकले, कुठल्या नव्या माणसाला भेटलो, हे तीन प्रश्न वहीत लिहावेत. महिन्यातून एकदा मुलाला सोबत घ्यावे. तो म्हणेल, "अब्बा, हे काम आता कॉम्प्युटरवर होते, मी शिकून येऊ का?" तेव्हा "आम्ही इतकी वर्षे असेच केले" हे उत्तर ओठांवर येईल. ते गिळून टाकावे आणि शिकायला काय लागेल, हे त्याला विचारावे.