इंजिन नवे, नळी जुनी

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रकचे इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवायचे, हा उद्योग बराच जुना आहे. इंग्लंडमधील पीटरबरो येथे १९३२ साली सुरू झालेल्या पर्किन्स कंपनीचे ‘पी ६’ हे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन १९३८ च्या सुमारास बाजारात आले. पुढच्या काळात बेडफर्डसारख्या अनेक पेट्रोल ट्रकांत ते बसवले गेले. नंतर मद्रासच्या सिम्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने भारतात बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेले तुमच्यापैकीही काहींनी पाहिले असेल. कारण उघड आहे. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला डिझेल इंजिनाला इंधन कमी लागते.

वरवर पाहता हे काम नट-बोल्टांचे वाटते. जुने काढा, नवे बसवा. पण असा ट्रक गॅरेजमधून बाहेर पडला की काही वेळा एक चमत्कारिक तक्रार येते: इंजिन उत्तम आहे, पण ट्रक धड चालत नाही! हे कसे होते ते समजून घेण्यासाठी दोन इंजिनांतला फरक आधी पाहू या.

ठिणगीशिवाय आग

सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचे तोंड तापते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये नुसती हवा घेऊन दट्ट्या ती एकसतरांशापर्यंत दाबतो. सुरुवातीचे तापमान ३०० केल्व्हिन धरले आणि उष्णता बाहेर गेली नाही असे मानले, तर शेवटचे तापमान ३०० × १७^०.४, म्हणजे सुमारे ९३० केल्व्हिन येते. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते, त्यामुळे ते याहून कमी असते. तरीही डिझेल आपोआप पेटायला सुमारे सव्वादोनशे अंश सेल्सिअस पुरतात. तेव्हा त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की तो पेट घेतो.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, एवढा दाब सोसायचा तर इंजिन दणकट आणि म्हणून जड हवे. असे इंजिन सहसा मंद गतीने फिरते. दोन, पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते आणि ॲक्सिलरेटर ती उघडतो. बहुतेक डिझेल इंजिनांत ही झडप नसते. हवा पुरेपूर येते, कमी-जास्त होते ते फक्त डिझेल. तीन, ठिणगी नसल्यामुळे वीज तोडून हे इंजिन बंद होत नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनात डिझेलचा पुरवठाच तोडावा लागतो आणि त्यासाठी वेगळी दांडी बसवावी लागते.

गेलेली निर्वात पोकळी

यातली दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते. अनेक जुन्या पेट्रोल ट्रकांत ब्रेकला मदत मिळते ती निर्वात पोकळीची. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची झडप मिटते, पण दट्टे हवा ओढतच राहतात. साहजिकच झडपेमागच्या नळीतला दाब वातावरणापेक्षा बराच कमी होतो. दाबातला हा फरक एका मोठ्या पडद्यावर काम करतो आणि चालकाच्या पायाच्या जोरात भर घालतो. डिझेल इंजिनात झडप नाही म्हणून पोकळीही नाही. ब्रेकचे सगळे भाग जागच्या जागी असतात, पण पेडल दगडासारखे घट्ट लागते. रिकाम्या ट्रकला सपाटीवर हे कदाचित जाणवणारही नाही. भरलेला ट्रक घाट उतरू लागला की मात्र जाणवेल. यासाठी इंजिनावर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप बसवणे अत्यावश्यक असते.

पहिल्या गोष्टीचा परिणाम वेगावर होतो. समजा, जुने इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर ट्रकला ताशी ८० किलोमीटर वेग देत होते. नवे इंजिन २४०० फेऱ्यांपुढे जात नसेल, तर त्याच गिअरमध्ये वेग ६० वर थांबेल. मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ६.२ होते, त्याऐवजी ५.१ केले, तर तो सुमारे ७३ होईल. म्हणजे डिफरन्शियलही बदलावे लागते. जास्तीच्या वजनासाठी पुढचे पाटे आणि हादऱ्यांसाठी इंजिनाखालची रबरे, यांचाही विचार करावा लागतो.

दोष शोधताना

आता समजा, एवढे सगळे केले. ट्रक सकाळी झटकन सुरू होतो, सपाटीवर छान पळतो, पण माल भरून घाट चढू लागला की पाच-दहा मिनिटांत दम तोडतो. मालक म्हणतो, इंजिन खराब निघाले. इंजिन उघडायचे म्हणजे मोठा खर्च आणि कित्येक दिवसांची खोटी. त्याआधी काय करता येईल?

आधी धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची किंवा पाण्याची वाफ. आपला ट्रक दम तोडतो तेव्हा धूर जवळजवळ नसतोच. हवा कमी पडत असती तर धूर काळा झाला असता. तेव्हा कमी पडते आहे ते डिझेल, असा तर्क करता येतो.

हा तर्क तपासायचा कसा? डिझेलचा कॅन इंजिनाजवळ उंचावर पक्का बांधून त्याची नळी थेट फीड पंपाला जोडायची आणि तोच माल घेऊन तोच घाट चढायचा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. आता ट्रक दम न तोडता चढला, तर फीड पंपापासून पुढचे सारे निर्दोष ठरते. दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये आहे. तिथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की त्यातून जाणारे बुडबुडे दिसतात.

पण जुनी नळी तर कोरडी असते, कुठेही गळत नाही! याचे कारण असे, की पंप डिझेल ओढत असताना नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी असतो. सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागते, शिवाय मागे असलेली टाकी इंजिनाच्या मानाने आणखी खाली जाते. ओढ वाढते, तशी हवाही वाढते.

मग याच नळीवर पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षे चालले कसे? कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी बाहेरच्या हवेला खुली असते. तिथे आलेले बुडबुडे निघून जातात. डिझेलला तशी सवलत नाही. नोझल उघडायला वातावरणाच्या पावणेदोनशेपट दाब लागू शकतो. द्रव जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पंपाचा छोटासा रेटा पुरतो. बुडबुडा मात्र तेवढ्या दाबाला आकुंचन पावून पावणेदोनशेव्या हिश्श्याएवढा होतो. पंपाची सगळी धाव त्याला दाबण्यातच संपते आणि नोझल उघडतच नाही. गॅरेजमध्ये ‘एअर पकडली’ म्हणतात ती हीच.

म्हणजे दोष नव्या इंजिनात नव्हता. तो जुन्या नळीत आधीपासून होता; पेट्रोल इंजिन तो खपवून घेत होते, एवढेच. दुरुस्ती एका सांध्याची, आणि नंतर नळीत राहिलेली एअर काढण्याची.

वर्गात

हे दाखवायला ट्रक लागत नाही. सुई नसलेल्या दोन सिरिंज एका नळीने जोडा, त्यात पाणी भरा. एकीचा दट्ट्या ढकलला की दुसरीचा लगेच सरकतो. आता दुसरीचा दट्ट्या बोटाने रोखून धरा आणि नळीत बुडबुडा ठेवून पहिला पुन्हा ढकला. काय फरक जाणवतो? दुसऱ्या प्रयोगात पाणी पिण्याच्या स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडा आणि पाणी ओढायला सांगा. भोकातून पाणी गळते का? प्रत्यक्ष इंजिनाच्या नोझलजवळ मात्र मुलांना जाऊ देऊ नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो.

शेवटी मुलांना एक कोडे घाला. दुसऱ्या एका ट्रकची नळी नवी आहे, सांधे घट्ट आहेत. तरी तासभर चालल्यावर तो बंद पडतो. चालक उतरून टाकीचे झाकण उघडतो, ‘फुस्स’ असा आवाज होतो, झाकण लावले की ट्रक पुन्हा तासभर चालतो. दोष कुठे असेल, आणि तो तिथेच आहे हे झाकण न बदलता कसे सिद्ध कराल?